पितळेची पिन

अमळनेरात राहून होडीच्या मोटारींचा नाद केला म्हटलं की लोक आधी हसतात. हसू देत. आमच्या नदीला वर्षातले आठ महिने घोटाभरही पाणी नसतं, हे मला काय ठाऊक नाही? पण नाद होता, आणि तो माझ्या थोरल्या भावाचा होता. त्यांना सगळेच भाऊ म्हणायचे, मीही आणि गिऱ्हाईकंही. माझ्याहून सतरा वर्षांनी मोठे. आबा, म्हणजे आमचे वडील, गेले तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर मला वाढवलं, लेथवर उभं केलं, मायक्रोमीटर धरायला शिकवलं आणि मुस्कटात मारायची वेळ आली तेव्हा मारलीही, ते सगळं भाऊंनीच.

आमचं वर्कशॉप म्हणजे स्टँडमागच्या गल्लीतली एक पत्र्याची शेड. एक लेथ, एक ड्रिल मशीन, वेल्डिंगचा सेट. विहिरीवरची ऑइल इंजिनं, पंपाचे शाफ्ट, तेलघाण्यांचे बुश असली कामं यायची. चोपड्याकडचा केळीवाला दोन एसट्या बदलून तुटका शाफ्ट खांद्यावर घेऊन यायचा आणि दारातूनच आईबहिणीचा उद्धार सुरू करायचा. त्याची केळी तिकडे वाळत असायची, तो तरी काय करणार? म्हणून आमच्या गल्लीत सगळ्या लेथवाल्यांची एकच रीत होती. कंपनीने जे दिलंय त्याच्याहून दणकट करून द्यायचं. लोखंडाच्या जागी पोलाद, पाच सूत जाडी असेल तिथे सहा सूत. गेलेला माणूस त्याच तक्रारीसाठी परत आला तर आमचं नाक कापलं जायचं. माझी सगळी हुशारी या रीतीतून आलेली, आणि पुढे जे झालं तेही तिच्यातूनच आलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला भाऊ एका सरकारी भंगाराच्या लिलावात गेले होते. आणायचा होता वेल्डिंगचा जुना ट्रान्सफॉर्मर, घेऊन आले हे. होडीच्या मागे टांगायची दोन जुनी इंजिनं, विलायती, धरणं बांधली त्या काळात मोजणीसाठी आणलेली असावीत. वर डोकं, मध्ये लांब दांडा, खाली पाण्यात फिरणारा पंखा. वहिनींनी कपाळावर हात मारला. म्हणाल्या, "आता घरात पाणी भरायचं बाकी ठेवलंय का?"

दोन्ही एकाच वेळी जमणार नाहीत म्हणून एक इंजिन भाऊंनी धुळ्याच्या एका रेडिएटरवाल्याला दिलं. ट्रकांचे रेडिएटर झाळायचा तो, आणि अंगात भाऊंइतकीच खाज. जीभ मात्र भारी तिखट. पहिल्याच दिवशी त्याने सांगून टाकलं, "भाऊ, माझं आधी चालू होणार. लिहून ठेवा."

आमच्या इंजिनात कुंभारमाशीने मातीची घरं केली होती. पिस्टन जाम. भाऊंनी आठ दिवस त्यात रॉकेल आणि शेंगदाण्याचं तेल ओतून ठेवलं आणि ते रोज सकाळी पूजेच्या आधी लाकडी ठोकळ्याने दोन हलके ठोके मारायचे. नवव्या दिवशी पिस्टन केसभर हलला. भाऊंनी मला हाक मारली ती अशी, की मला वाटलं कोणाला तरी शॉक बसला. रिंगा एका स्कूटरच्या घेऊन घासून बसवल्या. पाणी खेचणारी रबरी चकती ट्रकच्या ट्यूबमधून कापली, चौथ्यांदा जमली. कॉइल पंखे-मोटारींचं वायंडिंग करणाऱ्याकडून भरून आणली. मग दोनशे लिटरच्या पिंपात पाणी भरलं, इंजिन पिंपाच्या काठाला टांगलं, आणि भाऊंनी दोरी ओढली. ओढली, ओढली, हाताला फोड आले. दुपारी ते पेटलं आणि सगळ्या गल्लीत निळा धूर! पिंपातलं निम्मं पाणी माझ्या अंगावर. शेजारच्या आजीबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांवर काजळी बसली, त्यांनी आमच्या सात पिढ्यांचे वाभाडे काढले आणि भाऊ लहान पोरासारखे हसत उभे. आयुष्यात मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

तर अशा या दोन मोटारींची शर्यत. धुळ्याच्या बाजूला एक धरण आहे, तिथल्या मासेमारी करणाऱ्यांच्या पत्र्याच्या दोन होड्या मागून घ्यायच्या, मागे फळी ठोकून मोटार बसवायची. धरणाच्या भिंतीपासून निघायचं, समोरच्या टेकडीखाली पाण्यात एक शेंदूर फासलेला दगड आहे तिथे वळसा घालायचा आणि परत. संक्रांतीनंतरचा रविवार. हरेल त्याने काठावरच भरीत-भाकरीचं जेवण घालायचं. आठ-दहा माणसं जमायची, त्यातली निम्मी भरितासाठी.

पहिल्या वर्षी आम्ही हरलो. भाऊ पुढे होते, आणि मधेच पंखा पाण्यातल्या बाभळीच्या खोडाला लागला. आता हे नीट सांगायला हवं. पंखा ज्या दांड्यावर फिरतो, त्यातून आरपार एक बारीक पितळेची पिन असते. पंखा कशाला आदळला तर ती पिन मोडते, पंखा सुटा फिरतो आणि आतल्या गिअरचे दाते वाचतात. भाऊंनी खिशातून दुसरी पिन काढली, पाण्यात वाकून बसवली, पाच-सात मिनिटांत पुन्हा चालू. तोवर रेडिएटरवाला काठावर पोचून विडी पेटवून बसला होता.

"काय भाऊ," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढं नावाजलेलं वर्कशॉप, आणि एक पिन धड करता येत नाही?"

लोक हसले. भाऊही हसले. मी नाही हसलो. माझं डोकं फिरलं. घरी येताना मी म्हणालो, भाऊ, पोलादाची करून टाकू, बघतो कोण मोडतं ते. भाऊ घरात अहिराणीच बोलायचे. ते म्हणाले, "अरे येड्या, ती मोडालेच पाहिजे. तिनं कामच ते शे." मी मान हलवली. मनात म्हटलं, भाऊ म्हातारे व्हायला लागले.

पुढच्या पावसाळ्यानंतर भाऊंना बाजूचं कमी दिसायला लागलं. लेथवर काम करताना डावीकडे ठेवलेला पाना सापडायचा नाही. धुळ्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, थेंब दिले आणि म्हणाले, हळूहळू जातं हे, कधी जाईल सांगता येत नाही, दिसतंय तोवर काम करा. परतताना एसटीत भाऊ खिडकीशी बसले होते. गाडी पारोळ्याला पोचली. मग म्हणाले, लेथवर चुकलो तर माझा हात जाईल, तो माझा आहे. पण तू शेजारी उभा असतोस, गिऱ्हाईक वाकून बघत असतं. चक उडाला, त्यात धरलेला जॉब सुटला तर कोणाचं डोकं फुटेल. मला अजून भरवसा ठेवता येतो की नाही, हे कळायला पाहिजे. यंदाच्या शर्यतीत मी होडी सरळ नेऊन सरळ आणली, तर दुकान चालू ठेवीन. नाही जमलं तर लेथ तुझा.

मी म्हटलं, काहीतरीच काय बोलता भाऊ! ते म्हणाले, "काहीतरीच नही. मी ठरायेल शे." म्हणजे त्यांनी ठरवून टाकलं होतं. त्या शर्यतीवर काय टांगलेलं आहे हे मला पुरतं माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्या रविवारी सकाळी धरणावर थंडी होती आणि पाणी गढूळ. भाऊंनी शर्टाच्या खिशातून नवी पितळेची पिन काढून माझ्या हातात दिली, म्हणाले ही बसव, मी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतो. माझ्या खिशात माझी पिन होती. मोडक्या ड्रिल-बिटच्या दांडीची, कानस लागणार नाही इतकी कडक, आदल्या आठवड्यात ग्राइंडरवर घासून मापात आणलेली. मी पितळेची खिशात टाकली आणि माझी ठोकून बसवली. मला वाटत होतं, मी भाऊंचं भलं करतोय. यंदा काही मोडणार नाही, भाऊ जिंकतील, दुकान चालू राहील आणि त्या धुळेकराचं तोंड बंद होईल. जिंकल्यावर सांगू, असाही विचार होता. शाबासकी हवी होती मला, दुसरं काय!

दोन्ही मोटारी एकदम पेटल्या. भाऊ पुढे गेले. मी भिंतीवर उभा राहून बघत होतो. भाऊंच्या एका हातात मोटार वळवायची मूठ, पाठ ताठ, होडी दोरीत धरल्यासारखी सरळ चाललेली. दगडाला वळसा घातला तोही झकास. अर्ध्याहून जास्त पाणी परत कापलं आणि तिथे, धरणात बुडालेल्या गावाची एक विहीर आहे, तिचा कठडा हातभर पाण्याखाली, तिथे ते आदळले. आवाज भिंतीपर्यंत आला. मोटार एकदा किंचाळली आणि बंद पडली. होडी गर्रकन फिरली. भाऊ होडीतच पडले, पण सावरून उठले. मी भिंतीवरून खाली काठाकडे धावलो.

मागून रेडिएटरवाला आला आणि त्याच कठड्याला तोही आदळला. दोन डोळे ठणठणीत असलेला माणूस! त्याची पिन मोडली, त्याने शिव्या हासडल्या, नवी पिन घातली आणि भाऊंची होडी दोरीने बांधून काठावर ओढून आणली. त्या कठड्याची गंमत अशी की कोणालाच दिसला नसता. गढूळ पाण्याखालचा दगड कोणाला दिसतो?

भाऊ काठावर बसले. हात पुसत मला म्हणाले, "पिन देख."

मी त्यांच्याकडे पाठ करून मोटार मांडीवर घेतली. पिन शाबूत होती. अंगावर एक ओरखडा, एवढंच. खालच्या पेटीत मात्र दाते मोडून तेलात कचकच वाजत होते. सगळा दणका आत गेला होता, कारण बाहेर मोडायचं ते मी मोडू दिलं नव्हतं. मी पंच लावून पिन ठोकून काढली, मुठीत घेतली.

"मोडली भाऊ," मी म्हणालो. "तुकडे झाले. पण दणकाच एवढा होता की आतले दातेही गेले."

"दखाड."

"पाण्यात पडले तुकडे."

का बोललो? शंभर वेळा स्वतःला विचारलंय. सगळ्यांसमोर भाऊ माझी खरडपट्टी काढतील याची भीती होती. रेडिएटरवाला शेजारीच उभा होता, वर्षभर पुरेल एवढं खाद्य त्याला मिळालं असतं. एक चूक कबूल करायला माझी जीभ झडली असती काय? पण नाही उघडलं तोंड.

भाऊंनी मात्र हिशेब मांडला आणि तो त्यांच्या परीने बरोबरच होता. रेडिएटरवाला त्यांना समजावत होता, "भाऊ, मी पण ठोकला की तिथे, तुमचं एकट्याचं काय?" भाऊ शांतपणे म्हणाले, "तुझी नुसती पिन गेली. माझी पिन जाऊन वर दाते फुटले. म्हणजे तुला शेवटच्या घडीला दिसलं, तू हात सैल केलास. मी भरधाव गेलो. माले काहीच दिसनं नही." तो बिचारा होडीची दोरी सोडायला लागला. मी तिथेच उभा होतो, खिशात ती पिन. एक वाक्य बोलायचं होतं. भाऊ, पिन पोलादाची होती. बस्स, इतकंच.

भरीत झालं, लोक जेवले. भाऊंनी अर्धी भाकरी खाल्ली. निघायच्या आधी मी लघवीला जातो म्हणून भिंतीवर गेलो आणि पिन धरणात फेकली.

सोमवारी भाऊ माझ्या आधी दुकानात जाऊन बसले होते. लेथची सगळी हँडलं पुसून ठेवली होती, बेडला तेल लावलं होतं. किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाले, आजपासून तू बघ. मी "नाही भाऊ" म्हणालो. एकदाच म्हणालो. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर कदाचित खरंही तोंडातून पडलं असतं, आणि खोटं कशाला बोलू, तो लेथ मला हवाही होता. लग्न ठरत होतं माझं. स्वतःचं वर्कशॉप असलेला मुलगा, असं मुलीकडच्यांना सांगता येणार होतं.

मोटारीचे दाते कुठेच मिळाले नाहीत. आमच्याकडे तसले दाते पाडायची सोय नव्हती, मुंबईपर्यंत चौकशी केली. मोटार शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडून राहिली. रेडिएटरवाला पुढच्या संक्रांतीला येऊन गेला, एकट्याने कोणाशी शर्यत लावायची म्हणून हळहळला. मग त्याचंही येणं थांबलं.

भाऊ ओट्यावर बसायला लागले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी मारुतीपर्यंत चक्कर. दुकानासमोरून जायचे पण आत यायचे नाहीत. कोणी जुना गिऱ्हाईक हाक मारून काही विचारायला लागला तर म्हणायचे, धाकट्याला विचारा, मला दिसत नाही. एकदा वहिनींनी मला गाठलं. म्हणाल्या, "भाऊजी, यांना दुकानात बोलवा ना. नुसतं स्टुलावर बसू द्या. माणूस आतून खचत चाललाय." मी म्हटलं, वहिनी, मशीनचा धोका असतो, उद्या काही झालं तर? त्या वळून निघून गेल्या. खरा धोका मला होता. भाऊ शेजारी येऊन बसले असते तर मला रोज त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.

वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली, दुसरा लेथ आला. नव्वदनंतरच्या वर्षांत कधीतरी भाऊंची नजर खरंच गेली. धुळ्याला ऑपरेशन केलं, उपयोग झाला नाही. उजेड-अंधार तेवढा कळायचा. आणि गंमत बघा, आता ते दुकानात यायला लागले. भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी वहिनी त्यांना दारापर्यंत सोडायच्या, ते स्टुलावर बसून मशीनचा आवाज ऐकायचे. टूल बोथट झालं की माझ्याआधी त्यांना कळायचं.

एका दुपारी वीज गेली होती. गडी चहाला गेलेले. आम्ही दोघेच. भाऊ आपणहून बोलायला लागले. म्हणाले, मी एक मात्र शहाणपणा केला. त्या दिवशी धरणावर कळलं, आणि मी लगेच हात काढून घेतला. लोभ धरून लेथवर राहिलो असतो, तर माझ्यामुळे एखाद्याचा जीव गेला असता. "देव पावना माले," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. इतक्या वर्षांत ओट्यावर बसून त्यांनी तेवढंच एक कमावलं होतं.

ते मला सोसवेना. शिव्या दिल्या असत्या तर गप्प राहिलो असतो. मी सगळं सांगून टाकलं. ड्रिलची दांडी, ग्राइंडर, मुठीत लपवलेली पिन, धरणात फेकलेली, सगळं. म्हणालो, भाऊ, तुम्ही काही भरधाव गेला नव्हता. रेडिएटरवाला आदळला तसेच आदळलात. पितळेची पिन असती तर तुमचीही नुसती पिनच मोडली असती. मी रडत होतो, आणि रडायची लाजही वाटत होती.

भाऊ ऐकत होते. त्यांना दिसत नव्हतं, तरी मान माझ्याकडे वळवून बसले होते. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंग तव्हय काब्र नही सांगं?" त्यांनी विचारलं. तेव्हाच का नाही सांगितलंस, एवढंच.

मी बाहीने तोंड पुसलं.

"त्यानंतर सात वरीस माले चांगलं दिसत व्हतं भो," ते म्हणाले. "तुनी वहिनीले सुईमा दोरा ओयी देत व्हतू मी."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही, नुसते मागे घेतले, आणि म्हणाले, मला घरी सोड. वहिनी यायला अजून तासभर होता.

आम्ही निघालो. गल्लीच्या तोंडाशी स्टँडचा मोठा रस्ता, तो त्या वेळी ट्रॅक्टर-ट्रकांनी गजबजलेला असायचा. रस्त्याच्या कडेला भाऊ थांबले. मी हात पुढे केला, तो त्यांना दिसला नाही, मग मी त्यांच्या बोटांना लावला. त्यांनी तो लगेच धरला नाही. एक ट्रक गेला, दुसरा गेला. मग त्यांनी माझा हात धरला, कारण त्यांना रस्ता ओलांडायचा होता आणि तिथे दुसरं कोणी नव्हतं.